शेवटच्या दहा पानांचा माणूस

आमच्या प्राचार्यांना पीएच.डी. मिळाली तेव्हा पालघरच्या आमच्या कॉलेजात त्यांचा मोठा सत्कार झाला. शाल झाली, श्रीफळ झालं, पाहुण्यांचं भाषण झालं. "बोईसरला कारखाने आले, तारापूरला अणूपासून वीज निघाली, विज्ञान आता आपल्या दारात येऊन उभं आहे," असं पाहुणे म्हणाले आणि टाळ्या पडल्या. आभाराच्या आधी सूत्रसंचालकांनी सवयीनं विचारलं, "कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्या एका माणसाला ते ठाऊक नव्हतं. खाकी पँट, पायाशी सायकलची क्लिप तशीच राहिलेली, खांद्याला कापडी पिशवी. तो सरळ पुढे आला.

"सर, मनापासून अभिनंदन. तुमचा प्रबंध मी वाचला. आता तो पोचवायचा कुणाकडं?"

प्राचार्य हसले. "विद्यापीठाकडे पोचला की तो, चुरी. म्हणून तर हा सत्कार."

"तसं नाय सर. तुमचा विषय आठवडे बाजार. शेवटच्या प्रकरणात तुम्ही लिहिलंय, भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांला सावली पाहिजे, प्यायला पाणी पाहिजे. ते पंचायतीला कळवलं का?"

"अजून नाही."

"मग कळवूया. विद्यापीठ काय बाजारात बसत नाय."

हॉलमध्ये जो हशा झाला तो आवरायला आभारप्रदर्शन करणाऱ्यांना बराच वेळ लागला. मी त्या वर्षी नुकतीच साताऱ्याहून मराठी शिकवायला आले होते. हा माणूस आता नोकरीला मुकणार, असं मला वाटलं. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी चुरी अर्ज लिहून प्राचार्यांच्या टेबलाशी उभे राहिले, प्राचार्यांनी सही केली, आणि वर्षाच्या आत बाजारात पत्र्याची शेड उभी राहिली. पुढे कोणी पाहुणा आला की प्राचार्य त्याला मुद्दाम बाजारावरून नेत आणि म्हणत, "हा माझा प्रबंध."

भालचंद्र चुरी आमच्या ग्रंथालयात शिपाई होते. पुस्तकं काढून देणं, परत लावणं, वाळवी बघणं ही त्यांची कामं. शिक्षण मॅट्रिक. राहायला सफाळ्याला, येणं-जाणं गाडीनं, आणि बाकी सगळीकडे सायकलनं. महिन्यातून एकदा कॉलेजच्या कामासाठी त्यांना मुंबईला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पाठवत. काम तासाभराचं असे. उरलेला दिवस ते प्रबंधांच्या कपाटासमोर स्टूल टाकून बसत.

प्रबंध वाचायची त्यांची पद्धत ठरलेली होती. ते मागून सुरू करत. "बाई, पहिली तीनशे पानं डॉक्टर व्हायला लागतात," ते मला सांगत, "शेवटची दहा लोकांसाठी असतात. निष्कर्ष आणि शिफारशी. आपलं काम त्या दहा पानांशी." इंग्रजी अडलं की शब्दकोश, शब्दकोश अडला की मी. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर ते सगळं उतरवून आणत आणि स्टाफरूममध्ये माझ्यासमोर ठेवून म्हणत, "एवढं मराठीत करून द्या. आणि तुमच्या मराठीत नको, माणसांच्या मराठीत."

मराठीच्या प्राध्यापिकेला हे असं ऐकून घ्यावं लागे. पण त्यांच्या सांगण्यावरून एकेक वाक्य चारचारदा लिहिताना मी जे मराठी शिकले, ते एम.ए.ला शिकले नव्हते.

एकदा त्यांना मासळी सुकवण्यावरचा प्रबंध सापडला. वाळूवर पसरलेल्या मासळीत रेती जाते, माशी बसते, अळी पडते. तीच मासळी मिठाच्या पाण्यातून काढून बांबूच्या मांडवावर उंच सुकवली तर चांगली टिकते, असं त्यात प्रयोग करून दाखवलं होतं. चुरी रविवारी सायकल मारत एडवणला गेले आणि किनाऱ्यावर बोंबील पसरत बसलेल्या हिराबाईंसमोर त्यांनी कागद वाचला. मी हौसेनं एस.टी.नं गेले होते, त्यामुळे पुढचा प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर घडला.

हिराबाईंनी मान वर न करता सगळं ऐकलं. मग विचारलं, "ज्यानं ह्या लिवलं, त्यानं कदी बोंबील सुकवलाय का?"

"प्रयोगशाळेत सुकवलाय."

"तिथं कुत्रे हायत का?"

"नाय."

"मंग त्याला सांग, मांडव कमरेएवढा नको, छातीएवढा पायजे. नायतर मासली आमी सुकवायची नि कुत्र्यांनी खायची. आनि तोंड वाऱ्याला कर म्हनावं. त्यानं भिताडाकडं केलाय."

चुरी भडकतील असं मला वाटलं. ते वाळूत मांडी घालून बसले आणि कॅलेंडरच्या पानावर लिहू लागले. छातीएवढा. तोंड वाऱ्याला. हिराबाईंनी एक मांडव घालून बघायचं कबूल केलं, तेही आपल्या मापानं. त्यांची मासळी रेतीशिवायची निघाली, बाजारात सगळ्यांच्या आधी संपली, आणि पुढच्या हंगामात शेजारणींनी न विचारता मांडव घातले. इकडे चुरींनी हिराबाईंचं म्हणणं त्या संशोधकाला पत्रानं कळवलं. तो तरुण संशोधक मनानं खरा. तो स्वतः एडवणला आला, दोन दिवस राहिला, हिराबाईंकडून भरपूर बोलणी आणि त्याहून अधिक जेवण घेऊन गेला. त्याच्या पुढच्या लेखात तळटीप होती की मांडवाची उंची आणि दिशा किनाऱ्यावरच्या एका अनुभवी मच्छीमार स्त्रीच्या सूचनेनुसार बदलली आहे. ती टीप चुरींनी हिराबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "नाव का नाय टाकला मेल्यानं?" पण त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात जाऊन त्यांनी ते सांगितलं.

सगळंच काही असं साधत नसे. बिनधुराच्या चुलीचा एक प्रबंध त्यांनी माझ्या घरमालकीणबाईंच्या चुलीवर पोचवला. चूल चिखलानं लिंपली, धुराडं बसवलं, आम्ही हौसेनं पेटवली. खाली धूर नव्हता हे खरं. तो सगळा धुराड्यातून माझ्या खोलीत येत होता. मी खोकत खाली आले तर चुरी आनंदात. "बाई, चूक सापडली! वरती माडी असेल तर काय करायचं, हे त्यानं लिहिलंच नाय. लगेच कळवतो." मालकीणबाईंनी त्यांना उभ्या-उभ्या जे ऐकवलं ते त्यांनी कागदावर लिहून घेतलं नाही, एवढंच. धुराडं मग लांबवून कौलाच्या वर काढलं आणि मालकीणबाईंचे डोळे खरंच निवळले. पण चुरी दिसले की त्या दार लावून घेत, ते शेवटपर्यंत.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले आहे, तिच्याकडे येते.

बेटेगावच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. पंधरा-वीस घरं, पावसाच्या भरवशावरची भाताची खाचरं, आणि दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारी माणसं. भाताच्या एका लवकर येणाऱ्या वाणाची माहिती घेऊन चुरी तिथं गेले होते. पाड्यावरच्या धाकलबाबा नावाच्या म्हाताऱ्यानं त्यांची पिशवी, त्यातले कागद बघितले आणि विचारलं, "तुमी कागुदवाले का?"

"हो."

"मंग आमचा कागुद आनला का?"

चुरींना काही कळेना. म्हाताऱ्यानं सांगितलं की आठ-नऊ वर्षांमागे शहरातून एक पोरगी आली होती, डॉक्टरीण. तिनं पाड्यावरच्या सगळ्यांचं रगत काढलं. पोरं रडली तर त्यांना गोळ्या-चॉकलेट दिली. तुमच्याकडे पोरांचे सांधे का दुखतात ते बघते, कागद पाठवते, म्हणाली. "रगत नेला. कागुद नाय आला."

चुरी दुसऱ्या दिवशी कॉलेजात आले ते माझ्याशी बोलेचनात. दुपारी चहाला म्हणाले, "बाई, आजपर्यंत मी समजत होतो की लोकांला माहीत नसतं कुणी त्यांच्यासाठी काही शोधलंय म्हणून. हे लोक तर नऊ वर्षं वाट बघतायत."

पाड्यावर काय चाललं होतं, ते त्यांनीच मला सांगितलं. मानकी नावाच्या बाईची दोन मुलं ताप आणि अंगदुखीनं गेली होती. तिसरी जेठी, सहा-सात वर्षांची, थंडी पडली की हातपाय धरून ओरडायची, डोळे पिवळे व्हायचे. मानकीच्या सासूचं म्हणणं, ही बाई वाईट पायाची, हिच्या अंगात काहीतरी आहे, ही पोरं खाते. मानकीला माहेरी घालवून लहानूचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, दुसरं लग्न करायचं घाटत होतं. लहानू आईसमोर बोलत नव्हता.

दोन महिने चुरी हातात येईल त्या रविवारी आणि रजेच्या दिवशी मुंबईला जाऊन वैद्यकीय प्रबंधांची कपाटं धुंडाळत होते. एके दिवशी सापडला. पाड्याचं नाव नव्हतं, नुसतं आद्याक्षर, पण तालुका होता, नकाशा होता, आणि शेवटच्या दहा पानांत सगळं उत्तर होतं. हा रक्तातला दोष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, तो आईबापांकडून येतो, आणि वेळीच काळजी घेतली तर पुष्कळ मुलं वाचू शकतात. उत्तर नऊ वर्षं कपाटात बसून होतं.

प्रबंध लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाई आता दुसऱ्या शहरात मेडिकल कॉलेजात शिकवत होत्या. चुरींनी पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं, तिसरं. उत्तर नाही. चौथं पत्र इतकं कडक होतं की मी ते मऊ करून लिहून दिलं. त्यांनी माझा कागद वाचला, "छान आहे" म्हणाले, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "तुम्हाला पदवी मिळाली ती ह्यांच्या रक्ताची आहे."

आठवड्यात डॉक्टरीणबाई पालघर स्टेशनवर उतरल्या.

चाळिशीच्या अलीकडची, चष्मेवाली, थकलेली बाई. आधीची पत्रं जुन्या पत्त्यावर फिरत राहिली होती. चौथं तेवढं हातात पडलं. "तुमची ती शेवटची ओळ वाचून मी दोन दिवस जेवले नाही," त्या चुरींना म्हणाल्या. चुरी गडबडून माझ्याकडे बघू लागले, जणू ती ओळ मीच लिहिली होती.

आम्ही तिघं पाड्यावर गेलो आणि त्या धाकलबाबांच्या ओटीवर बसल्या. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत राहिला. "तूच ती पोरगी. चस्मा नव्हता तवा."

"हो बाबा. चुकलं माझं. कागद आणायला उशीर झाला."

"आली ना," म्हातारा म्हणाला. "बस. पानी पी."

सगळा पाडा जमला होता. मानकी जेठीला मांडीवर घेऊन मागे, भिंतीला टेकून. सासू पुढे. डॉक्टरीणबाई पेशी, गुणसूत्रं असं काहीतरी सुरू करणार तेवढ्यात चुरींनी खिशातून चिंचोके काढले. ही तयारी ते आठवडाभर करत होते. निम्मे चिंचोके तसेच काळे, निम्मे भाजून सोललेले पांढरे.

त्यांनी मानकीला पुढे बोलावलं आणि तिच्या मुठीत एक काळा, एक पांढरा ठेवला. मग लहानूला बोलावलं आणि त्याच्याही मुठीत एक काळा, एक पांढरा. "पोर जन्माला येतं तवा आईकडून एक घेतं, बापाकडून एक घेतं. न बघता घेतं. दोन्ही पांढरे आले, पोर धडधाकट. एक काळा, एक पांढरा आला, तरी चालतं, तुमच्यासारखं. दोन्ही काळे आले, की त्याला हा आजार." मग जेठीला म्हणाले, "बाय, घे एकेक."

जेठीनं आईच्या मुठीत बोटं घातली, बापाच्या मुठीत घातली. एक पांढरा निघाला, एक काळा. "परत घे," चुरी म्हणाले. असं चार-पाचदा झालं. एकदा दोन्ही काळे निघाले.

लहानू आपल्या उघड्या मुठीकडे बघत होता. त्याची आई पुढे सरकली, तिनं मुलाच्या तळव्यावरचा काळा चिंचोका उचलला.

"ह्यो माज्या पोराकडं पन हाय?"

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जेवढा हिच्याकडे, तेवढाच त्याच्याकडे. त्याला तो तुमच्याकडून नाहीतर त्याच्या वडलांकडून आला. कुणाची चूक नाही. कुणी काही केलेलं नाही."

म्हातारीनं चिंचोका तळव्यावर उलटून बघितला. मग मानकीकडे वळून म्हणाली, "मंग तुला का बोललो गं आमी इतकी वरसा?"

मानकीनं तोंडावर पदर घेतला आणि तिचे खांदे हलायला लागले. लहानू उठला, आईच्या देखत तिच्याजवळ जाऊन बसला आणि जेठीला त्यानं आपल्या मांडीवर घेतलं. मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत. ओटीवरच्या त्या चिंचोक्यांइतकं मोठं एकही नव्हतं.

मग कामं सुरू झाली. कोणाच्या रक्तात काय आहे ते पुन्हा तपासलं, आणि या वेळी प्रत्येक घराला कागद मिळाला, मराठीत, मी लिहिलेला, चुरींनी चारदा बदलायला लावलेला. पोरांना भरपूर पाणी द्यायचं, थंडीत उघडं ठेवायचं नाही, ताप आला की देवऋषाकडे जायच्या आधी दवाखान्यात आणायचं, रोजची गोळी चुकवायची नाही. सोयरीक जुळवताना दोन्हीकडचे कागद आधी बघायचे. डॉक्टरीणबाई दर हिवाळ्यात येत राहिल्या. पुढे आपल्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी सांगून ठेवलं की प्रबंध विद्यापीठात द्यायच्या आधी, ज्या गावातून माहिती आणली त्या गावात जाऊन वाचून दाखवायचा. तसा एक विद्यार्थी बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या दम्यावर काम करत होता. त्यानं चाळीच्या अंगणात उभं राहून हिंदीत निष्कर्ष वाचला तेव्हा चुरी पहिल्या रांगेत बसले होते. हिंदी त्यांना फारसं कळत नव्हतं. तरी मान डोलवत होते.

जेठी जगली. दुखण्याचे दिवस यायचे, शाळा बुडायची, पण ती दहावी झाली आणि आमच्याच कॉलेजात आली. प्रवेशाच्या रांगेत तिला उभी बघून प्राचार्यांनी मला खिडकीपाशी बोलावलं. बाजारातली शेड पाहुण्यांना दाखवणारा तो माणूस तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आपण एवढे सगळे डॉक्टर, आणि हे काम आपल्या शिपायानं केलं. फार अभिमान वाटतो हो."

चुरी निवृत्त झाले तेव्हा त्यांचा सत्कार झाला. एडवणहून हिराबाई सुकी मासळी घेऊन आल्या आणि हॉलभर वास सुटला. चुरींनी भाषण केलं नाही. नमस्कार केला आणि खाली बसले.

पुढच्याच वर्षी माझं साताऱ्याला जायचं ठरलं. वडील थकले होते. निघण्याआधी निरोप घ्यायला मी सफाळ्याला गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी कधी गेलेच नव्हते, आणि त्यांनीही कधी बोलावलं नव्हतं. दोन खोल्या, झाडून लख्ख. एक पलंग, एक खुर्ची, एकच पाणी प्यायचं भांडं. ते त्यांनी मला दिलं आणि स्वतः तांब्यानं प्यायले. त्यांनी लग्न केलं नव्हतं, एवढं मला माहीत होतं. त्यांची आई याच घरात वारली होती, मी पालघरला यायच्या आधी.

बोलता बोलता त्यांनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत पत्रं होती, वीस वर्षांची, संशोधकांनी लिहिलेली. मला वाटलं आता ते मला भात, मासळी, रक्त दाखवणार. त्यांनी एक पत्र उघडलं आणि मजकूर सोडून खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, "तुमचा खोकला बरा झाला का?" दुसरं उघडलं. मासळीवाल्या मुलानं लिहिलं होतं, "मुलगी झाली, तुम्हाला सांगावंसं वाटलं." तिसऱ्यात नुसतं, "सायकल जपून चालवा."

"कामाचं सगळं पोचवून झालं," ते म्हणाले. "एवढं माझं म्हणून ठेवलं."

मी पत्रं नीट घडी करून परत पेटीत ठेवायला लागले. स्टेशनपर्यंत ते सोडायला आले. गाडी आली, मी चढले, तेव्हा खिडकीशी येऊन, दुसरीकडेच बघत म्हणाले, "बाई, साताऱ्याहून पत्र टाकाल का? काही काम नसलं तरी?"

साताऱ्याला पोचल्यावर मी त्याच आठवड्यात पत्र टाकलं. उलट टपाली उत्तर आलं. दोन पानं भरून होतं. परसात वालाला फुलं आली आहेत, शेजारच्या मांजरीला पिल्लं झाली आहेत, काल तांदळाची भाकरी पहिल्यांदा न फाटता झाली. शेवटी लिहिलं होतं, "पत्र मोठं झालं. काम काहीच नव्हतं."